आजचा रोज भरला : ‘कॉल इट अ डे’

भाकरीचा तवा उतरला असेल तर बसा निवांत. चुलीपुढेच असाल तरी हरकत नाही, रेडिओ जरा जवळ ओढा. इंग्रजी बोलण्यात वारंवार कानावर पडणारे प्रयोग समजून घ्यायचे, हा आपला कार्यक्रम. आजचा प्रयोग आहे ‘कॉल इट अ डे’.

हा प्रयोग निवडायला कारण आहे. बचत गटाचं प्रशिक्षण आता मोबाईलवरसुद्धा होतं. बँकेचे साहेब असतात, शहरातल्या ताई असतात. तासभर बोलणं होतं आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘लेट्स कॉल इट अ डे.’ आपल्यातल्या कितीतरी जणींना ‘कॉल’ म्हणजे फोन एवढंच ठाऊक. मग प्रश्न पडतो, आता कुणाला फोन करायचा? उद्या दिवसभर फोनजवळ बसायचं की काय? तर तसं काही नाही. कुणालाही फोन लावायचा नाही. ‘चला, आज इतकंच’ एवढाच त्याचा अर्थ.

आता शब्द सुटे करून बघू. ‘कॉल’ म्हणजे हाक मारणं, फोन करणं. पण ‘नाव देणं, म्हणणं’ असाही त्याचा अर्थ आहे. ‘इट’ म्हणजे ह्याला. ‘अ डे’ म्हणजे एक दिवस. जोडून वाचलं तर होतं, ‘ह्याला एक दिवस म्हणा’. म्हणजे आत्तापर्यंत जेवढं काम झालं, तेवढ्याला दिवसभराचं काम समजा आणि हात थांबवा.

हे मजुरीवर जाणाऱ्या बाईला लगेच कळेल. आपल्याकडे ‘रोज’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोज म्हणजे दररोज, आणि रोज म्हणजे एका दिवसाची मजुरी. ‘ती रोजानं जाते’, ‘आज रोज बुडाला’, ‘पाऊस आला म्हणून अर्धाच रोज मिळाला’ असं आपण बोलतो. खुरपणी करून उन्हं कलली की शेतमालकीण म्हणते, ‘बास गं बायांनो, भरला रोज.’ अजून चार सऱ्या राहिलेल्या असतात, पण रोज भरलेला असतो. इंग्रजीतलं ‘कॉल इट अ डे’ अगदी ह्याच जातीचं आहे. गंमत म्हणजे ह्या प्रयोगाचं जुनं रूपही ‘अर्धा रोज’ असंच होतं. १८३८ साली अमेरिकेत ‘कॉल इट हाफ अ डे’, म्हणजे ‘ह्याला अर्धा दिवस म्हणा’, असं छापलेलं सापडतं. कामावरून वेळेआधी उठून जाणं, हा त्याचा अर्थ. पूर्ण दिवसाचा ‘कॉल इट अ डे’ पुढे छापात दिसतो. म्हणजे हा प्रयोग काम करणाऱ्या माणसांच्या तोंडून आलेला आहे.

आता तो वापरायचा कसा? तीन जागा लक्षात ठेवा.

पहिली जागा म्हणजे दिवसाचं काम थांबवताना. सगळ्यांनी मिळून थांबायचं असेल तर ‘लेट्स कॉल इट अ डे’, चला, थांबू या. समोर वयानं किंवा अधिकारानं मोठं माणूस असेल तर जरा अदबीनं ‘शॅल वी कॉल इट अ डे?’ म्हणायचं, म्हणजे ‘थांबू या का आता?’ रात्रीचा कार्यक्रम असेल, लग्नघरातली गाणी चाललेली असतील आणि झोप आली असेल, तर ‘कॉल इट अ नाइट’ असंही म्हणतात.

दुसरी जागा म्हणजे वर्षानुवर्षं केलेलं काम सोडताना. मिताली राज तेवीस वर्षं भारताकडून क्रिकेट खेळल्या आणि २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झूलन गोस्वामी इंग्लंडमधल्या लॉर्ड्सच्या मैदानावर शेवटचा सामना खेळल्या. अशा वेळी इंग्रजीत ‘शी कॉल्ड इट अ डे’ असं म्हणतात. म्हणजे तिनं आपणहून थांबायचं ठरवलं. ‘कॉल’ चं ‘कॉल्ड’ झालं की ती झालेली गोष्ट, एवढं व्याकरण पुरे.

तिसरी जागा म्हणजे एखादा धंदा किंवा उपक्रम बंद करताना. त्याबद्दल थोडं पुढे बोलू.

आता ह्याच्यासारखे दिसणारे, पण वेगळे असलेले प्रयोग सांगतो. हे नीट ऐका, कारण इथे गोंधळ झाला तर एसटीचं भाडं वाया जातं. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. ‘मीटिंग इज कॉल्ड ऑफ’ असा निरोप आला, तर मीटिंग होणारच नाही, घरीच थांबा. ‘कॉल इट अ डे’ मध्ये मीटिंग झालेली असते, फक्त ती आता संपवायची असते. ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानणं. हा प्रयोग मुष्टियुद्धातून आला. आपला खेळाडू मार खाऊन थकला की त्याचा शिक्षक रिंगणात टॉवेल टाकतो, आता पुरे म्हणून. आणि ‘पुल द प्लग’ म्हणजे बटणाची पिन खेचून काढावी तसा आधारच काढून घेणं. योजनेचे पैसे वरून एकदम बंद झाले, तर तो ‘पुल द प्लग’. टॉवेलमध्ये हार आहे, प्लगमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्याचा हात आहे. ‘कॉल इट अ डे’ मध्ये ह्यातलं काहीच नाही. काम करणाऱ्यानं स्वतः ठरवलं, की आता एवढं पुरे.

एक पथ्य मात्र पाळा. कुणाच्या मरणाबद्दल बोलताना हा प्रयोग वापरू नका, वाईट दिसतं.

शेवटाचा शब्द जपून वापरायची रीत आपल्याकडेही आहेच. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. दिवा ‘विझव’ म्हणत नाही, ‘शांत कर’ म्हणतो. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतो, नारळ फोडतानाही ‘वाढवला’ म्हणतो. रात्री दुकानाच्या फळ्या लागल्या की दुकान ‘बंद झालं’ म्हणायचं नाही, दुकान ‘वाढवलं’ म्हणायचं. आपल्या आज्यांनी हे सगळं जपलं. शेवट झाला तरी तोंडातून वाईट शब्द जाऊ नये, उद्या पुन्हा सुरुवात व्हावी, अशी त्यामागची भावना. ‘कॉल इट अ डे’ मध्येही ‘संपलं’ हा शब्द नाही, ‘दिवस’ हा शब्द आहे. दिवस म्हटला की त्याच्यामागून दुसरा येतोच.

मैत्रिणींनो, इथपर्यंत अर्थ झाला. आता जरा वेगळी गोष्ट विचारतो. ‘ह्याला एक दिवस म्हणा’ हे म्हणतं कोण? शेतात मालक म्हणतो. रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणतो. गिरणीत भोंगा म्हणायचा. पण दिवस किती लांब असावा, हे कामगारांनी भांडून ठरवून घेतलेलं आहे आणि त्यात आपल्या बायकांचा वाटा आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांची सुरुवातीची वर्षं आठवा. गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेवढंच लांब, तेरा-चौदा तास. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र केलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. आज ऐकताना ह्या मागण्या किती साध्या वाटतात! पण त्यासाठी सहा वर्षं जावी लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. तो काळ मनात आणा. सावित्रीबाई हयात होत्या तो काळ. भरसभेत, हजारो पुरुषांपुढे, गिरणीतल्या दोन बायका सांगतात, आम्हाला आठवड्याची सुट्टी पाहिजे. त्याच वर्षी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्यानं, कारखान्यातल्या बायकांचं काम दिवसाला अकरा तासांच्या वर जाऊ नये असं ठरलं. अकरा तास! तरी ती मर्यादा होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली.

म्हणजे कारखान्यातला दिवस मोजला गेला. पण जिथे मजुरी दिवसावर नसते, तिथे काय? उसाच्या तोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणींना विचारा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच घेतलेली, आणि हिशोब टनावर. टनावर हिशोब म्हटला की दिवसाला काठच राहत नाही. पहाटे अंधारात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, गाडी रात्री आली तर रात्री भरायची. कोपीवर आल्यावर स्वयंपाक तिचाच. तिथे ‘भरला रोज’ म्हणायला कुणी नाही.

आणि आपल्या घरात? घरात तर मुकादमही नाही आणि भोंगाही नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली. कोण कशावर किती वेळ घालवतं, हे घरोघरी जाऊन विचारलं. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, असं निघालं. म्हणजे जवळजवळ पाच तास. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस. बायका शंभरात एक्क्याऐंशी. हे पाच तास शेताचे नाहीत, मजुरीचे नाहीत. झाडलोट, धुणं, भांडी, स्वयंपाक ह्यांचेच आहेत. मुलांचं आणि आजारी माणसांचं करणं त्यात वेगळं धरलेलं आहे.

आपण म्हणतो, ‘काम संपलं की बसते.’ ह्या वाक्यातच अडचण आहे, कारण घरातलं काम संपत नाही. भांडी घासली की परत खरकटी होतात. अंगण झाडलं की पानं पडतात. खुरपणीला निदान चार सऱ्या उरल्या हे दिसतं तरी, घरकामाच्या सऱ्या मोजता येत नाहीत. म्हणून ‘काम संपलं की थांबेन’ म्हणणारी बाई पाठ टेकेपर्यंत थांबत नाही. ‘कॉल इट अ डे’ वेगळं सांगतो. काम संपायची वाट बघू नका. जेवढं झालं त्याला दिवस म्हणा. उरलेलं उद्याच्या दिवसाचं.

ह्यावर तुम्ही काय म्हणाल ते आम्हाला ठाऊक आहे. ‘बोलायला काय जातं! म्हैस थांबते का? तान्हं बाळ थांबतं का? सासऱ्यांची रात्रीची गोळी कोण देणार?’ बरोबर आहे. म्हैस थांबत नाही. पण गिरणीसुद्धा थांबत नव्हती. एकीची पाळी संपली की दुसऱ्या पाळीची माणसं यंत्रापुढे उभी राहायची. भोंगा झाला म्हणून काम बंद पडायचं असं नाही, एका माणसाचं काम थांबायचं. घरातही बाईचा रोज भरायचा असेल, तर दुसरे हात पुढे यायला हवेत. नुसतं ‘मी आता थांबते’ म्हणून भागत नाही. ‘रात्री नवानंतरचं अमुक काम तुझं’ हेही बोलून ठरवावं लागतं. म्हशीला रात्रीची वैरण मुलगा टाकेल. पाण्याचे हंडे नवरा भरून ठेवेल. जेवलं की ज्याचं ताट त्यानं घासायचं. गोळी द्यायला नातू पुरे, डबी दाखवून ठेवली की झालं.

हे एका दिवसात होणार नाही. सासूबाई म्हणतील, ‘आमच्या वेळी नव्हती ही थेरं.’ त्यांच्याशी भांडू नका. त्यांनाच विचारा, ‘आत्याबाई, तुमच्या वेळी तुम्हाला कुणी बस म्हणालं होतं का?’ बहुतेक घरांत ह्या प्रश्नाला उत्तर येत नाही, पण बोलणं सुरू होतं. आणि सासूबाईंचाही रोज कधीतरी भरायला हवा की नको? साठ वर्षं राबलेल्या बाईला आपल्याकडे निवृत्ती नाही. मिताली राज थांबल्या तेव्हा देशानं टाळ्या वाजवल्या. आपल्या घरातली म्हातारी थांबली, तर तिला ‘बसून खाते’ म्हणू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता तिसऱ्या जागेकडे येऊ, गटाच्या धंद्याकडे. गटानं शेवया, पापड, मसाला असं काहीतरी सुरू केलेलं असतं. काही गटांचं छान चालतं. काहींचं दोन-दोन वर्षं झाली तरी चालत नाही. माल उरतो, उधारी वसूल होत नाही, कर्जाचा हप्ता खिशातून भरावा लागतो. सगळ्याजणींना मनात माहीत असतं, की हे पुढे जाणार नाही. पण बोलायचं कुणी? बंद केलं तर गाव हसेल. ज्या बाईनं पुढाकार घेतला तिला वाईट वाटेल. मग कुणी बैठकीला येईनाशी होते, कुणी फोन उचलत नाही, आणि धंद्याबरोबर गटही तुटतो. धंदा बंद झाला तर दुसरा उभा करता येतो. गट तुटला तर एकमेकींवरचा विश्वास परत जोडायला फार वर्षं जातात.

अशा वेळी ‘कॉल इट अ डे’ म्हणायचं धाडस लागतं, आणि ते बैठकीत, सगळ्यांसमोर म्हणायचं. आम्ही सुचवतो त्या चार गोष्टी तेवढ्या करा. शिल्लक माल आणि सामान मोजून वहीत लिहा. येणं किती आणि देणं किती, ते मोठ्यानं वाचून दाखवा. बँकेचं कर्ज असेल तर धंदा बंद केला म्हणून ते संपत नाही. म्हणून कुणी किती, कधीपर्यंत भरायचं, हे तारखेसह ठरवा आणि बँकेत जाऊन बोला. आणि शेवटी ठराव लिहा, ‘आजपासून हा व्यवसाय गटानं सर्वानुमते थांबवला आहे’, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. एकीच्या माथी दोष मारायचा नाही. मासिक बचत मात्र चालू ठेवायची. बचतीचा दिवस चुकवू नका, म्हणजे गट उभा राहतो.

ठराव लिहून थांबणं आणि गाशा गुंडाळून पळणं ह्यात फरक आहे. पळणाऱ्याची उधारी मागे राहते. ठरवून थांबणाऱ्या बाया हिशोब देऊन, मान वर करून घरी जातात, आणि पुढच्या वर्षी नव्या कामाला त्याच बाया परत बसतात.

तर मैत्रिणींनो, ह्या आठवड्यासाठी गटाला एक काम. बैठकीत गोल बसा आणि प्रत्येकीनं सांगा, माझ्या घरात दिवस भरला हे कोण ठरवतं? माझे हात रात्री किती वाजता थांबतात? त्यानंतरचं एक, फक्त एकच काम घरातल्या कुणावर सोपवता येईल? मोठी यादी नको. एक काम धरा आणि महिनाभर ते दुसऱ्याच्या हातात राहू द्या. ताट वाकडंतिकडं घासलं गेलं तर परत घासायला बसू नका. पुढच्या महिन्यात काय झालं ते आम्हाला कळवा. पत्रानं कळवा, फोनवर सांगा किंवा स्टुडिओत येऊन सांगा.

आणि बैठक उठताना सगळ्याजणी मिळून एकदा मोठ्यानं म्हणा, ‘लेट्स कॉल इट अ डे!’ इंग्रजीचा उच्चार इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. नाहीतर आपलं म्हणा, ‘भरला गं बायांनो आजचा रोज.’

आमचाही भरला. येतो मग, पुढच्या आठवड्यात ह्याच वेळी.